लेकरवाळीची पात

ये ग पोरी, जवळ ये. कागदाच्या आडून जितकं जवळ येता येईल तितकं ये आणि तो फोन घटकाभर पालथा ठेव. तू म्हणजे कोण, ते मला विचारू नको; जी कोणी वाचत बसली आहे ती तूच. मला तुझ्यावर जरा रागवायचं आहे. माझ्या भाच्या, पुतण्या, शेजारच्या लेकी-सुना, जिला म्हणून "कशी आहेस" विचारावं ती एकच सांगते, "काय सांगू, घर, नोकरी, लेकरू, सासर, सगळं मला एकटीलाच ओढावं लागतं." आणि हे सांगताना आवाजात थोडी ऐटही असते बरं का! अग, एकटीनं ओढायला तुला सांगितलं कोणी? तू माझ्या विहीणबाईंना भेटली नाहीस, म्हणून तुझं हे असं झालं.

विहीणबाई म्हणजे माझ्या मोनालीची सासू. आमच्या सावली गावापासून थेट वैनगंगेच्या काठापर्यंत तशी बाई दुसरी झाली नाही, आणि पुढं व्हायची असेल तर तीही यांना विचारूनच होईल. उंची माझ्या खांद्याएवढी, अंग वाळल्या झिंग्यासारखं, पण आवाज असा की त्यांनी शेतातून हाक मारली तर सडकेवरचा सायकलवाला आपलंच काहीतरी चुकलं समजून खाली उतरतो. पावसाळा लागला की त्या रोवणीच्या बायांची टोळी घेऊन निघतात. आमच्याकडं धानाची शेती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आधी एका जागी वाढवायची, मग उपटून बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, चिखलात एकेक रोवायची. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि रोवत रोवत मागं सरतात. प्रत्येकीच्या पुढ्यातला जो पट्टा, ती तिची पात. विहीणबाई लोकांच्या बांध्या गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, घेतात आणि साऱ्या बायांना अशा एका ओळीत मागं नेतात, की लांबून पाहिलं तर वाटावं लुगड्यांची एकच पट्टी कोणीतरी हळूहळू गुंडाळत आणतो आहे.

आयुष्यभर मागं सरत काम केल्यामुळं त्यांना पुढं चालण्याचा भरवसाच उरलेला नाही. काही विचार करायचा असला की त्या अंगणात उलट्या चालतात. मी एकदा म्हटलं, "अवं, पडाल ना!" तर म्हणाल्या, "इहीनबाई, पुढं चालणाऱ्याले आपलं केलेलं दिसते का? रोवणारी बाई मागं सरते, मंग जे लावलं ते सारं डोळ्यापुढं राह्यते. वाकडं झालं त तवाच समजते." हे ऐकायला फार छान आहे. पण लेकाच्या लग्नात वरमाय असून पदर खोचून त्या पंगतीत भात वाढायला उतरल्या, आणि वाढलेल्या पानांवर नजर ठेवून अशा मागं मागं सरत गेल्या की त्यांच्या मागं उभा असलेला फोटोवाला त्यांच्या पाठीच्या रेट्यानं सरकत सरकत मांडवाच्या बाहेर गेला. त्या लग्नाचे पंगतीचे फोटो सगळे बाहेरूनच काढलेले आहेत.

फोनवर त्यांचा विश्वास आहे, पण पूर्ण नाही. फोन पदराला बांधलेला असतो, तो कानाला लावतात आणि मग ज्या गावच्या माणसाशी बोलायचं त्या गावाकडं तोंड करून ओरडतात. चंद्रपूरला बोलायचं असेल तर तोंड मावळतीकडं, गडचिरोलीला असेल तर उगवतीकडं. एकदा मी नागपूरला बहिणीकडं गेले होते आणि सांगायला विसरले. त्यांनी नेहमीप्रमाणं सावलीकडं तोंड करून हाका मारल्या आणि मी "नागपूरहून बोलते" म्हटल्यावर चिडल्या. "मंग आधी सांगा ना! मी इतका वेळ चुकीच्या दिशेनं बोलून राह्यली."

आणि इवाई, म्हणजे त्यांचे यजमान? ते आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होतात. धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात, आणि हे गृहस्थ जरीचा कोट घालून असे हसतात की पुढच्या रांगेतली लेकरं आईच्या मांडीत तोंड लपवतात. घरी मात्र त्यांना मीठ हवं असलं तरी ते मिठाच्या डब्याकडं नुसतं पाहतात. मी विहीणबाईंना विचारलं, "इतका गरीब माणूस, तिथं एवढा दुष्ट कसा होतो?" त्या म्हणाल्या, "वर्षभर माह्याकडं पाहूनच त शिकते."

सोयरिकीच्या दिवशीचं सांगते. त्या आमच्या घरी मोनालीला पाहायला आल्या. स्वयंपाक येतो का, शिवणकाम येतं का, काही नाही. मोनालीनं स्वतःच सांगून टाकलं, "मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. लग्नानंतरही नोकरी करीन." विहीणबाईंनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मी तुह्या गाडीत बसली त फुकट नेशील का?"

"नाही."

"सासू असली तरी?"

"तिकीट फाडावंच लागेल."

विहीणबाई आपल्या यजमानांकडं वळल्या. "हे पोरगी आपली. उठा." ते उठले. सोयरीक झाली.

लग्नानंतर घरात पहाटेपासून अशी घाई असायची की काय सांगू. मोनालीची ड्यूटी, जावयांची भातगिरणी, विहीणबाईंची टोळी. पण ते निभत होतं. मग नात झाली. गोड, गोरीपान, आणि स्वभावानं बापाच्या आईवर गेलेली, म्हणजे तिनं ठरवलं ते ठरवलं. तिनं ठरवलं की दूध प्यायचं तर आईचंच. बाटली दाखवली की तोंड मिटायची, चमचा दाखवला की पाठीची कमान करायची. मोनालीची बाळंतपणाची रजा संपत आली तशी सगळ्यांची तोंडं उतरली. जावई म्हणाले, "सोडून दे नोकरी. तुह्या पगाराबिना का आपण उपाशी मरू?" शेजारणी म्हणाल्या, सोड. मलाही वेगळं काही सुचेना. पण एका दुपारी मी पाहिलं, मोनाली आपला खाकी कोट इस्त्री करत होती, आणि इस्त्री झालेल्या बाहीवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती. म्हणाली, "आई, अजून दोन दिवस आहेत. मग कळवून टाकते, नाही येत म्हणून."

विहीणबाई या सगळ्यात नव्हत्याच. ऐन रोवणी. अंधारात जायच्या, अंधारात यायच्या. मला राग आला, खरं सांगते. मी ठरवलं, बाईला शेतातच गाठावं. चपला हातात घेऊन पारीवरून, म्हणजे बांधावरून, तोल सांभाळत गेले. समोर टोळीची ओळ मागं सरत होती. मी पाहते तर ओळीच्या मधोमध एक जागा रिकामी. बाई नाही, नुसती जागा. आणि ती जागा ओळीबरोबर मागं मागं सरत होती, आणि तिच्यापुढंही पऱ्हे रोवलेले होते! मला वाटलं उन्हानं डोळे फिरले. मग कळलं की डावीकडची बाई आपली पात लावता लावता हात लांबवून अर्धी लावत होती, उजवीकडची अर्धी. पारीवर पळसाच्या सावलीत एक कोवळी बाई लेकराला पाजत बसली होती. थोड्या वेळानं तिनं लेकरू झोळीत टाकलं, चिखलात उतरली आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन वाकली. कोणी मान वर करून पाहिलंही नाही.

"हे काय व?" मी विहीणबाईंना विचारलं.

"लेकरवाळीची पात," त्या वाकूनच म्हणाल्या. "ते रिकामी राह्यत नाई. डाव्या हाताची अर्धी घेते, उजव्या हाताची अर्धी."

"आणि मजुरी?"

"सारखी. काऊन? ते का माहेरी गेली होती?"

मी म्हटलं, "मग तुमच्या सुनेचं काय? ती नोकरी सोडते आहे. परवा."

तेव्हा त्या सरळ झाल्या. रोवणी चालू असताना विहीणबाई सरळ झाल्या, हे त्या टोळीनं आधी पाहिलं नसावं, कारण सगळी ओळ थांबली. "कोणं सांगतलं सोडाले?"

"सगळ्यांनीच. अहो, हे चिखलात ठीक आहे. गाडीत कसं जमायचं?"

"गाडी का आभाळातून जाते? रस्त्यानंच जाते ना? तुमच्या घरापुढून जाते. स्टँडावर थांबते का नाई? डायवर चहा पिते का नाई?" आणि मग त्या हातातली पऱ्ह्याची पेंढी तशीच धरून बांधीत उलट्या चालू लागल्या. मी ओळखलं, विचार चालू आहे. चिखलात चार पावलं मागं जाऊन थांबल्या. "डाव्या हाताले तुम्ही. उजव्या हाताले आमचे नाटकवाले. लेकरू दिवसभर तुमच्या घरी. चंद्रपुरावरून गाडी आली का पाजन, गडचिरोलीवरून आली का पाजन. आणि पोरगा सांगते का पगाराबिना उपाशी मरत नाई? पगाराचं कोण बोलून राह्यलं? ते पोरगी खाकी घालून उभी राह्यते आणि दोरी ओढते, त मले वाटते घंटी मीच वाजवली." एवढं बोलून पुन्हा वाकल्या आणि टोळीवर खेकसल्या, "तुम्ही काऊन थांबल्या? मी मेली का?"

झालं. रात्रीच जावयांना बोलावून त्यांची पातही ठरवून दिली: सकाळचं आंघोळपाणी आणि लंगोट धुणं. ते काही म्हणणार होते, पण त्यांच्या बापानं त्यांच्याकडं असं पाहिलं की, बाबा, मी आयुष्यभर नाही बोललो, तू कशाला बोलतोस.

पहिल्या दिवशी विहीणबाई रोवणी टाकून स्वतः आल्या. "पहिली पात मीच लावून देईन." आम्ही दोघी स्टँडावर, इवाई लेकराला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालतात, लेकरू रडून लालेलाल. त्यांनी गाणं म्हणून पाहिलं, चिमण्या दाखवल्या. शेवटी काही सुचेना म्हणून त्यांनी आपलं खलनायकाचं हसू काढलं. सगळं स्टँड दचकलं. लेकरू मात्र एकदम गप्प झालं आणि आजोबाकडं टकामका पाहायला लागलं. तेवढ्यात गाडी आली. मोनाली उतरली ती धावतच बायांच्या खोलीत गेली, लेकराला छातीशी घेतलं, दार लावलं.

इकडं गाडीत माणसं चढू लागली. बाजाराचा दिवस. पोती, टोपल्या, म्हाताऱ्या, सगळं दारात अडकलेलं, आणि कंडक्टर जाग्यावर नाही. विहीणबाईंनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं. लेकरवाळीची पात रिकामी! मला म्हणाल्या, "चढा." तिकीट काही त्यांना फाडता येत नव्हतं, पण माणसं बसवता येत होती. "कुठी उतरता भाऊ? बरं, तिकडं बसा. बाई, तुमचं गाव कोणतं? तिकडं. ये बुढ्या, पाय आत घे." असं करत करत त्यांनी ती सगळी गाडी एखादी बांधी असावी तशी लावून टाकली. मी पाहतच राहिले. गाडी ठासून भरली, पण एक माणूस वाकडा नव्हता.

फक्त सफारीतले एक गृहस्थ पुढच्या सीटवरून मोठ्यानं म्हणाले, "लेकरवाळ्या बायाईनं घरी बसावं ना! इथी आम्हाले उशीर करून राह्यल्या."

नेमकी त्याच वेळी मोनाली गाडीत चढत होती. तिनं ते ऐकलं. मान खाली घालून तिनं तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं. पण मी आई आहे. तिचा चेहरा त्या इस्त्री करतानाच्या दुपारसारखा झाला होता. मला वाटलं, संपलं. आज घरी जाऊन ही कळवून टाकणार.

विहीणबाई त्या गृहस्थांना गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गडचिरोलीचे ना? मंग तुमची पात लंबी आहे. शांत बसा."

गाडी निघाली. पहिलं गाव आलं, मोनालीनं घंटी दिली, गाडी थांबली, आणि कोणी उतरेना. मग एकदम शेवटच्या सीटवरून आरडाओरडा सुरू झाला. पहिल्याच गावाला उतरणारे सगळेच्या सगळे गाडीच्या टोकाला बसवलेले, शेवटच्या गावाचे सगळे दाराजवळ, आणि मधली वाट पोत्यांनी बंद! विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अवं माय! म्या रोवणीवानी बसवलं!" खरंच होतं ते. रोवणी दूरच्या टोकापासून सुरू करतात आणि मागं सरत पारीवर येऊन संपवतात. त्यांनी पहिलं गाव दूरच्या टोकाला लावलं आणि शेवटचं पारीवर, म्हणजे दाराशी, आणून सोडलं.

काय तो गोंधळ सांगू! एका म्हातारीनं खिडकीतून आपली टोपली आधी उतरवली आणि आता टोपली खाली, आपण वर म्हणून ओरडायला लागली. कोणाचं तरी नातवंड हातोहात पुढं येत येत त्या सफारीवाल्यांच्या मांडीवर येऊन थांबलं. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. आणि या सगळ्यात मला एक आवाज ऐकू आला. मोनाली हसत होती. पोटाला हात लावून, लेकराच्या जन्मानंतर पहिल्यांदा अशी मोकळी हसत होती. मग तिनं डोळे पुसले, दांड्याला धरून सीटवर एक पाय दिला आणि ओरडली, "सगळे जाग्यावर थांबा! मधले सीटमध्ये शिरा! पोती खाली! मागचे या आता, एकेक करून!"

पोरी, तो आवाज माझ्या लेकीचा नव्हता. तो शेतातून सडकेवरच्या सायकलवाल्याला उतरवणारा आवाज होता. भोंगासुद्धा थांबला. माणसं भराभर उतरली, म्हातारी टोपलीला जाऊन मिळाली, नातवंड आपल्या आईकडं गेलं.

पुढं फाट्यावर आम्ही दोघी उतरलो. विहीणबाईंनी आपलं तिकीट दोनदा तपासून कनवटीला लावलं. गाडी वळणाआड होईपर्यंत त्या सडकेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धरली पोरीनं आपली पात." मी विचारलं, "खरं सांगा, तुम्ही ती माणसं मुद्दाम उलटी बसवली का?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच खुळी. "मी का नाटकवाली आहे?" पण हे म्हणताना त्या उलट्या चालत होत्या. मला अजूनही खात्री नाही.

ती रोवणी निघाली, कापणी निघाली. नाटकांचे दिवस आले तेव्हा इवाई लेकराला मांडीवर घेऊन तालमीला बसायचे. समोर नायिकेला धमकी द्यायची आणि मांडीवरचं लेकरू थोपटायचं. संवादाच्या शेवटी ते हसले की लेकरू डोळे मिटायचं. आजही आमच्या नातीला अंगाईनं झोप येत नाही, तिला तो दुष्ट माणूस लागतो. मोनाली नोकरीवर आहे. सफारीवाले गृहस्थ अजून त्याच गाडीनं जातात आणि चढल्या चढल्या विचारतात, "लेकरू बरं आहे ना बाई?"

आता विहीणबाईंचं सांगायचं तर यंदा त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरनं चिखलात उतरू नको म्हणून सांगितलं. त्यांनी आठवडाभर डॉक्टरला नावं ठेवली, मग रोवणीच्या पहिल्या दिवशी पारीवर पोतं टाकून त्यावर बसल्या. मी गेले होते. नात त्यांच्या मांडीवर झोपलेली. टोळी चिखलात उतरली, ओळ लागली, आणि त्या तिकडं पाहीनात; गवताची काडी मोडत, दुसरीकडंच तोंड करून बसल्या. मीच म्हटलं, "अवं, पाहा तर खरं." ओळीच्या मधोमध एक जागा मोकळी होती. ओळ मागं सरली तशी तीही मागं सरली. डावीकडून अर्धी, उजवीकडून अर्धी. आणि त्या वर्षी पळसाखाली लेकराला पाजत बसलेली कोवळी बाई आता त्या जागेच्या उजव्या हाताला होती.

विहीणबाई आधी ओरडल्या. ओरडणारच. "काऊन व, मधी जागा कायले सोडली? पात वाकडी होऊन राह्यली तुमची!" कोणी मान वर केली नाही. मग त्यांनी नातीच्या तोंडावरची माशी हाकलली, तिच्या डोक्याखालचा पदर सारखा केला, आणि मला अगदी हळू, मला ठाऊकच नव्हतं की त्यांना इतकं हळू बोलता येतं, म्हणाल्या, "पाहा इहीनबाई, म्हतारपणी मी लेकरवाळी झाली."

तर पोरी, पऱ्हे अजून उरले आहेत, रोवणी अजून थोडी चालेल. तेवढ्यात ये. फोनवर येते येते म्हणू नको, ये. लेकराला घेऊन ये, लाल गाडीनं ये, सावलीच्या स्टँडाला उतरून कोणालाही माझं घर विचार. गाडीत खाकीतली एक बाई तुला मोठ्या आवाजात जागा सांगेल, तिथं मुकाट बस. आणि पारीवर गेलीस की विहीणबाईंच्या शेजारी पोत्यावर टेक जरा. तुझं लेकरू मी धरीन.